घड्याळाच्या पाठीवरचा पत्ता

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता पडोत, आणि त्यातले दोन तर अजून चांगले आहेत!

आमचे हे घड्याळजी. ते गेल्यावर घरात भिंतीवरची बारा घड्याळं उरली. सून म्हणाली, "आई, एखादं विकून टाकू या. ऑनलाइन लिलावात लोक वेड्यासारखी बोली लावतात." म्हटलं, लाव बाई. फोटो मात्र मीच काढणार.

"पाठून, आतून, सगळं दाखवा," ती म्हणाली. "म्हणजे घेणाऱ्याला विश्वास वाटतो."

मी पाठीचं झाकण उघडलं, आतलं पितळ घासूनपुसून लख्ख केलं आणि फोटो टाकला. केवढी हुशार मी!

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटीच होते. फोन वाजला. मेसेज होता: "लिलाव बंद करा. मी बाहेरून रोख देतो, साइटला कशाला हिस्सा?"

सुनेनं दहादा बजावलं होतं: पैसे साइटवरूनच घ्यायचे, बोलायचंही तिथेच, वस्तू कुरिअरनं पाठवायची, घरी कुणालाही बोलवायचं नाही. मी लिहिलं, नाही.

उत्तर आलं: "मग मीच येतो. दुसरा मजला, जिन्यासमोरचं दार. घरीच असता ना?"

पत्ता मी कुणालाच दिला नव्हता! फोटो मोठा करून बघितला आणि कळलं. यांची एक खोड होती. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत टोच्यानं तारीख कोरायची, म्हणजे पुन्हा आलं तर कळावं, कधी उघडलं होतं. घरच्या घड्याळांवर तारखेखाली पत्ताही कोरलेला, अगदी मजल्या-दारासकट, हरवलं तर परत यावं म्हणून. इतकी वर्षं तो काळा पडून झाकला गेला होता. मीच घासून वाचण्याजोगा केला.

मुलाला फोन लावला. "दार उघडू नकोस! पोलिसांना कळवतो, मी निघालोच."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. घाई नव्हती त्यांना. दोन पायऱ्या, थांबणं. दोन पायऱ्या, थांबणं. मग बेल.

"कुरिअर, आजी."

"ठेव बाहेर."

"सही लागते." दाराची मूठ हळूच फिरली. आमची कडी म्हणजे एका धक्क्याचं काम. "घरात कोण आहे?"

"सगळे आहेत!" माझा आवाज बकरीसारखा निघाला.

तो हसला. "मग एकाचाही आवाज कसा नाही?"

मी स्टुलावर चढले. या वयात! एकेका घड्याळाचा मोठा काटा ओढून बारावर आणत सुटले. हे गेल्यापासून एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती; कुणी चार ठोके दिले, कुणी नऊ, एक तर थांबेचना. भिंत थरथरली, कपबश्या खणखणल्या. त्यातच मी ताट बडवत ओरडले, "अहो, उठा! थोरल्या, दार बघ! धाकट्या, मागच्या बाजूनं जा!" मला एकच मुलगा आहे, पण त्याला काय माहीत?

आणि धाडधाड पावलं जिना उतरून गेली.

मुलगा आला, पोलीस आले. सुनेनं फोटो काढून टाकला, साइटकडे तक्रार केली. घड्याळ मात्र विकलं नाही. विकायचं तर पत्ता खरवडायला हवा, आणि ते अक्षर यांचं. हात धजेना.

दात सगळे जागेवर आहेत. बरं, एक मात्र कबूल करते. जिना उतरून गेलेली ती धाडधाड पावलं मी पदरची घातली. घड्याळं गप्प झाली तेव्हा बाहेर चिडीचूप होतं. मुलगा येईपर्यंत मी दाराला पाठ लावून बसले होते, आणि कुणी जिना उतरल्याचं मला ऐकूच आलं नाही. तो आला तेव्हा दाराशी कुणी नव्हतं, असं मुलगा सांगतो. पण तो माणूस गेला कधी, ते मला आजही माहीत नाही.