रक्त गाळणारी जीप

"रगत! रगत आलं!"

ढोल थांबले आणि गिरजाच्या दारासमोर जमलेली दीडशेभर माणसं एकदम मागे सरली. बॉनेटवर गावदेवीचा मुखवटा बांधलेली महादूची जुनी लष्करी जीप चढण चढून नुकतीच थांबली होती. इंजिन धडधडत होतं आणि तिच्या पोटातून लालभडक थेंब टपटप मातीत पडत होते. बायकांनी पोरांचे डोळे झाकले. दोघांनी तिथंच धुळीत लोटांगण घातलं.

जीपच्या मागच्या बाकावर भगीरथबाबा उभा होता. हा भगत मुरबाडकडून आला आणि डोळखांबपलीकडच्या या वाडीत देवळाजवळ मठी बांधून बसला. त्याच्या मंत्रात अर्धं संस्कृत असे, अर्धं त्याचं स्वतःचं.

"ह्रीं क्रीं फट्! आई सगल्या गावातून फिरली, कुठं रडली नाय. हितंच का रडते? बोल आई, पोराला कुनी खाल्ला?"

"गिरजानी! भुताळी हाय ती!" गर्दी ओरडली.

बंद दाराआड गिरजाला कवेत धरून तिची भाची कुणाली उभी होती. कुणाली शहापुरात पोरांना मोटारदुरुस्ती शिकवायची. मावशीचा रडका फोन आला आणि ती सकाळीच स्कूटी घेऊन धावत आली होती. येताना तिने पोलिसांना फोन केला होता, पण डोळखांबचा रस्ता लांबचा आणि गर्दीच्या हातात काठ्या आत्ता होत्या.

झालं होतं असं, की महादूचा नातू प्रज्वल तापाने फणफणला. बाबाने त्याला मठीत ठेवून घेतलं, अंगारा चोळला, मिरच्यांची धुरी दिली. जीप दारात उभी असून कुणी पोराला दवाखान्यात नेलं नाही. पोर गेलं. त्याला कुणी मारलं, हा प्रश्न गावाने बाबाला विचारायच्या आधीच बाबाने तो गावाला विचारला. मग देवीने साक्ष द्यायची ठरली. शुद्धीसाठी म्हणून जीप रात्रभर मठीत राहिली आणि दर मंगळवारी मिरवणूक निघू लागली. पहिल्या खेपेला जीप गिरजाच्या दारात गळली, तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या. दुसऱ्या खेपेला तिची पेंढ्याची उडवी जाळली. आज ते तिलाच न्यायला आले होते.

पहिला दगड कौलावर पडला. दुसऱ्याने खिडकी फोडली. मग दारावर लाथा बसू लागल्या आणि जुनी कडी उपटून आत पडली. चौघांनी गिरजाला केसांना धरून ओढलं. कुणाली मध्ये पडली तर कुणीतरी तिच्या पाठीत काठी हाणली. उंबऱ्यावर गिरजाच्या कपाळावर दगड बसला आणि ती खाली कोसळली.

"मना नका मारू रे! त्या पोराला मी बोरं दिली, इख नाय दिला!"

महादूने हातातली काठी उगारली. त्याचे डोळे रडून सुजले होते. काठी खाली आली असती तर पुढची गोष्ट सांगायला उरली नसती. कुणालीने ती दोन्ही हातांनी धरली.

"महादूकाका, एकदा इकडं बघा! मग मला मारा!"

मावशीला सावरताना तिचा डावा हात रक्ताने भरला होता. उजवा तिने जीपखालच्या लाल थारोळ्यात बुडवला आणि दोन्ही तळवे महादूच्या तोंडापुढे धरले.

"हे माणसाचं रक्त. चिकट आहे, वास येतोय. आणि हे गरम पाणी आहे, काका. रंगाचं पाणी! रक्त कधी असं पाण्यासारखं ओघळतं का?"

महादूने दोन्ही हातांकडे पाहिलं. त्याची काठी थोडी खाली आली.

"बाटवलं! आईचं रगत बाटवलं!" बाबा किंचाळला. "हिला पन घ्या!"

"घ्या ना," कुणाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आधी जीप बाबाच्या मठीसमोर न्या. तिथंही देवीची आरती म्हणा. तिथं गळलं नाही, तर आम्हा दोघींना मारा."

"आई थकली," बाबा घाईने म्हणाला. "आता आई झोपनार."

इथंच त्याचं चुकलं. महादू वळला. "आत्ताच तर रडत व्हती. लगेच झोपली?" एवढं बोलून तो जीपमध्ये चढला.

उतारावरून जीप मठीपुढे आली तेव्हा गळती थांबली होती. बाबाला पुन्हा हुशारी आली. कुणालीने मात्र जीपच्या जाळीवर जाड गोणपाट टाकलं, महादूला इंजिन चालूच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून धरायला सांगितलं आणि लोकांना म्हणाली, "म्हणा आरती."

आरती संपायच्या आत बाबाच्या दारात लाल थेंब पडला. मागोमाग दुसरा, आणि मग धार लागली.

मग, "हाच भुताळा!" कुणीतरी ओरडलं आणि मघाचेच दगड पुन्हा उचलले गेले. बाबाच्या ओठातून रक्त आलं, एकाने त्याची जटा धरून त्याला जमिनीवर आपटलं. जटा हातात आली. ती खोटी होती.

"सोडा त्याला!" कुणाली आडवी झाली. तिला त्या माणसाची मनापासून चीड आली होती, तरी ती हटली नाही. "पाणी इथं गळलं म्हणून हा भुताळा होत नाही! मावशीही झाली नव्हती. अरे, चढावर पहिल्या गिअरमध्ये इंजिन तापतं, वर जाऊन उभं राहिलं की वारा लागत नाही. इथं मी गोणपाटाने वारा अडवला. आतलं पाणी फुगतं आणि फट दिसेल तिथून बाहेर येतं. मावशीचं घर चढावर आहे, एवढाच तिचा गुन्हा!"

लोकांनी दगड खाली टाकले, पण बाबाला घेरून ठेवलं. इंजिन थंड झाल्यावर कुणालीने पाणी काढून टाकलं. बादली भरून लाल पाणी निघालं. मग तिने इंजिनाच्या डोक्यावरचा एक नळीचा तुकडा पान्याने सोडवला.

"हा तुमचा, काका?"

"नाय. माझा पितलेचा व्हता. मी सोता घासून बसवलेला."

"हा घराच्या नळाचा आहे. याचे आटे सरळ. इंजिनातल्या भोकाचे आटे आत निमुळते होत जातात. हा चार आटे धरतो आणि सैल राहतो. थंड असताना पाणी याच्या खाली असतं, म्हणून कोरडा दिसतो."

पितळेचा तुकडा मठीतच सापडला. बाबाने त्याला शेंदूर फासून देव्हाऱ्यात बसवला होता. शेजारी रंगपंचमीच्या लाल रंगाची पिशवी होती.

कुणालीने पितळेचे आटे ब्रशने घासले, फिरवायच्या दिशेनेच त्यांवर धागा गुंडाळला, फट बुजवणारा सफेदा लावला, तुकडा आधी हाताने आणि मग पान्याने बसवला. बादलीभर स्वच्छ पाणी भरलं. तोवर पोलीस आले आणि बाबाला घेऊन गेले. जाताना मंत्र नव्हते, "साहेब, साहेब" होतं.

महादूने जीप पुन्हा चढणीवर घेतली आणि गिरजाच्या दारात चालू ठेवली. सगळा गाव मागून चालत आला. पुरेसा वेळ गेला. इंजिन तापलं, जाळीतून ऊन झळा यायला लागल्या, पण खालची माती कोरडीच राहिली.

"दैवी साक्ष म्हणून कुणी काही दाखवलं," कुणाली गर्दीला म्हणाली, "तर हात उचलायच्या आधी झाकण उघडून बघा. तो बघू देत नसेल, तर तिथंच समजा. आणि ताप आला तर पोराला दवाखान्यात न्या. जीप त्याच्यासाठी आहे."

महादू उंबऱ्याशी खाली बसला. "गिरजाबाय, माझा पोर मीच मारला गो," म्हणत तो कपाळ बडवून घेऊ लागला. बाकीचे पुढे आले; कुणी हात जोडले, कुणी म्हणालं, "बघ ना, तुजा काय दोष नवता. गळलं नाय."

कपाळाला फडकं बांधलेली गिरजा भिंतीला टेकून बसली होती. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आन आता पन गळला असता, तर?" ती म्हणाली. "तर मना मारायची व्हती?"

महादू उठला आणि त्याने जीप बंद केली.