मी कावासुके, वाकणारं पाणमांजर

मी कावासुके बोलतोय. नदीची शपथ घेऊन सांगतो, यात एक अक्षर खोटं नाही. आता नदी म्हणाल तर ती मी कधी पाहिलेली नाही. माझ्या खेळात एक निळी पट्टी सरकत असते, तिला सगळे नदी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. आणि आमच्या जपानात पाणमांजराची ख्यातीच मुळी माणसांना चकवण्याची. तेव्हा शपथ खरी धरा, पण माझ्यावर एक डोळा ठेवा.

मी व्हिडिओ गेममधला प्राणी. माझा जन्म ओसाकातला, ताकोयाकीच्या, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या गरम गोळ्यांच्या, दुकानावरच्या मजल्यावर. खिडकी उघडली की सॉसचा वास थेट आत यायचा. माझी पहिली आठवण तीच आहे. मला नाक नव्हतं, हे मला नंतर कळलं.

माझी आई म्हणजे तोकुनागा सुमिए. तेव्हा ती कंपनीतली सगळ्यात नवी चित्रकार होती. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून तिने मला घडवलं. पोट पांढरं आणि गोल, पाठ तपकिरी, हातात लाकडी बादली. काम दिलं ते हमालाचं. डोंगरावरच्या झऱ्याचं गरम पाणी गावातल्या सार्वजनिक न्हाणीघरात पोचवायचं, न सांडता. वाटेत राक्षस, गुंड, भुतं आणि एक खाष्ट म्हातारी. तिला राक्षसही वचकून असत.

त्या वेळच्या यंत्रांत जागा चिमूटभर. चालणं, उडी मारणं, धडपडणं यांतच ती भरली. मुराई नावाचा पोरगेला प्रोग्रामर होता, तो डोकं धरून बसला.

"तोकुनागासान, ठोसा मारायचा तर पाच चित्रं लागतात. तीनच मावतायत."

"मग मारू नकोस," सुमिए म्हणाली. "वाकव त्याला."

"समोर राक्षस उभा असताना?"

"माझे वडील न्हाणीघर चालवतात. कुणी पिऊन भांडायला आला की ते कमरेतून वाकतात आणि म्हणतात, या, पाणी तयार आहे. मग त्यालाही वाकावं लागतं. न वाकून जातो कुठे?"

तसंच केलं. बटण दाबलं की मी बादली खाली ठेवायचो आणि वाकायचो. डोकं खाली जाताना माझं शेपूट वर यायचं. राक्षस ओशाळायचा, तोही वाकायचा. त्याचं डोकं खाली असतानाच मी बादली उचलून त्याच्या बगलेतून पसार. म्हणजे अदबीची अदब आणि चकव्याचा चकवा. राक्षसाच्या केसालाही धक्का नाही.

लोकांना मी फार आवडलो. मुलं खेळताना माझ्याबरोबर वाकायची. जेवायला हाक मारणाऱ्या आईलाच वाकून दाखवायची आणि तिच्या बगलेतून पळायची. एकदा कोबेजवळ अरुंद पुलावर दोन ट्रक समोरासमोर आले. दोन्ही चालक मला खेळून मोठे झालेले. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं करत दोघं दुपारपर्यंत एकमेकांना वाकत राहिले आणि मागे सगळा रस्ता तुंबला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे ऐकलं.

मग नवी यंत्रं आली, नवे खेळ आले. माझे पुढचे भाग निघायचे थांबले. माणसांची एक सवय मी पाहिली आहे. आवडती वस्तू ती फेकत नाहीत, खोक्यात घालून माळ्यावर ठेवतात. फेकलेलं बरं, तिथे निदान विषय संपतो. माळ्यावर आशा असते. जिन्यावर पाय वाजला की वाटतं, आपल्यासाठीच कुणी वर येतंय. येतात ते पंखा न्यायला.

अशी बरीच वर्षं गेली आणि एक दिवस कंपनीत माझं नाव पुन्हा निघालं. अमेरिकेतली एक कंपनी मला नव्याने आणून तिकडे विकायला तयार होती. त्यांचा माणूस बोलणी करायला येणार होता. मुराई एव्हाना विभागप्रमुख झाला होता. डोक्यावरचे केस गेले होते, पोट माझ्यासारखं झालं होतं. सुमिएची निवृत्ती जवळ आली होती.

आता आमच्याकडचा रिवाज असा की पाहुण्याने पाणी मागितलं तर यजमानाची मान खाली जाते. मागायच्या आत ते पुढे आलं पाहिजे. तेव्हा अमेरिकेच्या माणसाला काय हवं असेल, हे त्याला न विचारताच ओळखायची सगळ्यांना घाई. विचारणं म्हणजे आपल्याला ओळखता आलं नाही असं कबूल करणं.

ओळखून ओळखून त्यांनी मला भुवया लावल्या. चिडलेल्या, मधोमध खाली उतरलेल्या. पाणमांजराला कधी भुवया असतात? पोट सपाट झालं, दंड फुगले, अंगात चामड्याचा कोट आला. बादली लोखंडाची झाली आणि तिला साखळी लागली. हे सगळं सुमिएनेच काढलं. दुसऱ्या कुणाच्या हाती मला द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

दुपारच्या सुट्टीत मुराई डबा घेऊन तिच्या टेबलापाशी आला.

"हा कोण?"

"आपला कावासुके, साहेब."

"साहेब काय म्हणतेस, दोघंच तर आहोत."

"मग ऐक. याला आठ दिवस परसाकडला झालेली नाही असं दिसतंय."

मुराई फस्सकन हसला, मग त्याने हसू भाताबरोबर गिळलं. "तिकडे असंच आवडतं."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? कळत नाही का?"

"आणि वाकणं?"

मुराईने डब्यातलं खारवलेलं आलुबुखार काडीने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सारलं. "तिकडे लोक वाकत नाहीत. तिथे ठोसा टाकू म्हणतो. तुला चालेल ना?"

मी दोघांच्या समोरच होतो, पडद्यावर, दातओठ खात. मला दोन्ही चेहरे दिसत होते. मुराई तिच्या 'नाही'ची वाट बघत होता. ती एकदा नाही म्हणाली असती तर तो तेवढ्या आधारावर वर जाऊन भांडला असता. आणि तिला वाटत होतं, वाकणं यंत्रात बसवलं ते यानेच. हाच सोडायला तयार आहे म्हणजे बिचाऱ्याला वरून दाब असणार. कशाला अडचणीत टाका?

"तुला चालत असेल तर मला काय," ती म्हणाली.

"बरं," मुराई म्हणाला, आणि आलुबुखार तसंच टाकून उठला.

इकडे तो अमेरिकन टोकियोहून ओसाकाला यायला निघाला होता. नाव गॅरेट, उंच, पन्नाशीकडे झुकलेला. हे मला कसं ठाऊक? मी एका वेळी हजार ठिकाणी असतो. त्याच्या पिशवीतही मी होतो, जुना मी, हातात धरायच्या छोट्या यंत्रात. गाडी सुटल्यावर त्याने मला बाहेर काढलं आणि खेळायला लागला. शेजारी एक आजी संत्रं सोलत बसल्या होत्या.

"अगंबाई, हे पाणमांजर आमच्या थोरल्याकडे होतं," आजी म्हणाल्या आणि त्याच्या पुढे दोन फोडी केल्या. "घ्या. तुमच्याकडेसुद्धा होतं का हे?"

"हो आजी. मी लहानपणी फार अडखळत बोलायचो," गॅरेट जपून जपून जपानी बोलत होता. "शाळेत पोरं मारायला आली की तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग मी याच्यासारखा वाकायचो."

"मग सोडायची का तुम्हाला?"

"नाही. मारायचीच. पण जरा गोंधळून मारायची."

आजी इतक्या हसल्या की संत्र्याची फोड खाली पडली.

"आता याचा नवा खेळ निघतोय," तो म्हणाला. "त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. बाकी काहीही बदला, याचं वाकणं ठेवा."

"ठेवतील की. बनवणारेच ते. त्यांना नको का?"

त्या क्षणी मी जपानातलं सगळ्यात सुखी पाणमांजर होतो. अर्थात आता तिथल्या नद्यांत आमचं कुणी उरलेलंच नाही, त्यामुळे ही स्पर्धा फारशी अवघड नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. मुराईने पडद्यावर भुवयावाला मी दाखवला. गॅरेटचा चेहरा उतरला, पण लगेच त्याने तो सावरला. जपानी यजमानाला चारचौघांत तोंडावर नाही म्हणू नये, हे त्याच्या मनावर वर्षानुवर्षं ठसलेलं. त्यातून चित्राखाली सुमिएचं नाव. जिने जन्म दिला तिलाच हा असा हवा असेल तर मधे बोलणारा मी कोण, असं त्याला वाटलं.

"कसा वाटला?" मुराईने विचारलं.

"फार… जोरदार आहे."

"तुमच्याकडे आवडेल?"

"तुम्ही एवढे कष्ट घेतलेत. आवडायलाच हवा." त्याचा हात खाली पिशवीकडे गेला. "हा पूर्वी काहीतरी वेगळं करायचा ना? राक्षस समोर आल्यावर?"

पाहुण्याच्या नजरेला घरातली फाटकी चटई पडावी तसा मुराई शरमला. "ते जुनं झालं. ते काढून टाकलंय, काळजी करू नका."

"अच्छा. नाही, काळजी कसली. आपलं सहज विचारलं."

"साहेब म्हणतात ते बरोबर आहे," सुमिए म्हणाली. चारचौघांत ती त्याला साहेबच म्हणायची. "काळाप्रमाणे बदलायला हवं."

जुना मी गॅरेटच्या खुर्चीपाशी पिशवीत होतो. मी आतून ओरडत होतो: अरे, तिघांनाही एकच हवंय, एकाने तरी तोंड उघडा. पण यंत्र बंद होतं आणि बंद यंत्रातून ओरडणं म्हणजे मिटल्या पुस्तकातून खोकणं. एकदा सुमिएचा पाय पिशवीला लागला. मला वाटलं, आता ती खाली वाकेल, पिशवी उचलेल, मी बाहेर पडेन. तिने पिशवीची माफी मागितली आणि पाय आत घेतला.

मग मंजुरीचा कागद फिरला. आमच्याकडे कागदावर सही नाही, शिक्का चालतो, आणि तोही सरळ मारायचा नाही. हाताखालच्याने आपला शिक्का जरा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो शेजारच्या साहेबाच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा दिसतो. सुमिएचा शिक्का मुराईच्या शिक्क्यापुढे वाकला. मुराईचा संचालकांच्या. संचालकांचा अध्यक्षांच्या रिकाम्या चौकटीपुढे. अध्यक्षांनी पाहिलं, खालपासून वरपर्यंत सगळे वाकलेत, म्हणजे सगळ्यांना पटलंय. त्यांचा स्वतःचा नातू जुन्या मलाच खेळायचा. पण एवढ्या लोकांचा उत्साह एकट्याने कशाला मोडा? त्यांनी शिक्का मारला, अगदी ताठ.

पुढे नवा खेळ तयार झाला आणि तो दाखवायचा दिवस आला. सभागृहात अध्यक्ष, संचालक, मुराई, सुमिए. गॅरेट मुद्दाम आला होता. पहिल्यांदा बटण दाबायचा मान पाहुण्याचा. पडद्यावर राक्षस आला. गॅरेटने बटण दाबलं.

आणि मी ठोसा मारला नाही.

मी साखळीची बादली खाली ठेवली. चामड्याचा कोट करकरला. भुवया होत्या तशाच होत्या, त्यांचं मी काही करू शकत नव्हतो, पण मी कमरेतून वाकलो, आणि माझं शेपूट कोट फाडून वर आलं.  मग अध्यक्ष, सत्तरीचा माणूस, खुर्चीतल्या खुर्चीत वाकले. गॅरेट उभा राहिला आणि लहानपणासारखा अडखळत म्हणाला, "हे, हे, हेच मला हवं होतं." सुमिए म्हणाली, "मलाही." मुराईने टायने डोळे पुसले आणि म्हणाला, "मग आधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू विचारलंस कुठे?" ठोसा तिथल्या तिथे रद्द झाला.

आता मी दुकानांत आहे, इकडेही आणि तिकडेही. सुमिए निवृत्त झाली, निरोपाला तिला फुलं दिली. तुमच्या घरी माळ्यावर एखादं खोकं असेल आणि त्यात जुना मी सापडलो, तर एक विनंती आहे. खेळू नका हवं तर, तेवढा वेळ कुणाकडे असतो? फक्त ते एक बटण एकदा दाबा. माझी पाठ जरा मोकळी होईल.

बरं, शपथेवर बोलतोय म्हणून कबूल करतो. आजी खऱ्या, संत्रं खरं, कलते शिक्के खरे. सभागृहातलं वाकणं मी रचलं. कोणी विचारलं नाही, कोणी बोललं नाही.

गॅरेटने बटण दाबलं आणि मी ठोसा मारला. मला दुसरं काही येतच नव्हतं. त्या नव्या अंगात वाकण्याची ती तीन चित्रं कुणी घातलीच नव्हती. राक्षस उडून पडला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मुराईने वाजवल्या, गॅरेटने वाजवल्या, सुमिएने सगळ्यांच्या नंतरपर्यंत वाजवल्या. मग ते पाहुण्याला लिफ्टपर्यंत पोचवायला गेले. सभागृहाचं दार उघडंच राहिलं होतं, मला सगळं दिसत होतं. आत गॅरेट, बाहेर ती मंडळी. दार मिटेपर्यंत मान वर करायची नाही असा रिवाज. दोन्हीकडून सगळे कमरेतून वाकले. लिफ्ट जुनी होती, दार मिटायला फार वेळ लागला. तेवढ्यात एकाने जरी मान वर केली असती तरी समोर काय चाललंय ते त्याला दिसलं असतं. कुणी केली नाही. त्या मजल्यावर वाकलेला नव्हतो तो मी एकटा, मूठ उगारून, कुणी परत येऊन बटण दाबेल याची वाट बघत.