तेल्हाऱ्याच्या लग्नाचं लेमन

सीपी-वऱ्हाडाच्या त्या दिवसांत लग्नात तोंडाशी काचेची गोटी असलेली लेमनची, म्हणजे लिंबाच्या गोड सोड्याची, बाटली हाती आली, की पाहुणे खूश. अकोल्याच्या जानरावचं लेमन तर तेल्हाऱ्यापर्यंत जाई. कारखाना म्हणजे घराचीच पडवी, आणि लेमनचा पाक करायची त्याची बायको सुभद्रा.

एका वैशाखात लेमन पिऊन दोघा-तिघांना मळमळलं, तसे अमरावतीहून बदलून आलेले नगरपालिकेचे तपासनीस वामनराव पडवीत हजर झाले. एका पेल्यात साधा सोडा, दुसऱ्यात लेमन ओतून त्यांनी दोन्हीत घासून लख्ख केलेली लोखंडी सुई सोडली. चहापाणी, गप्पा झाल्या. मग पाहिलं, तर सोड्यातली सुई तशीच होती, लेमनमधल्या सुईवर तांबूस थर चढला होता.

"लेमनमध्ये तांबं उतरलंय."

"सोड्याची मशीन जुनी झाली, साहेब," जानराव म्हणाला.

"मशीन दोन्हीला एकच आहे. पाक कशात करता?"

सुभद्रानं तांब्याचं पातेलं आणलं. आतून आरशासारखं. "पाहा ना साहेब, चिंच-राखेनं रोज घासतो आमी. आंधी किती काळं होतं!"

"बाई, ते काळं म्हणजे काळवंडलेली कल्हई होती. ती तुम्ही घासून काढलीत. आता आंबट पाक थेट तांब्याला लागतो."

सुभद्राचं तोंड उतरलं. तिच्या भांड्यांचं आळीत नाव होतं.

दारात लेमनच्या बाटल्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती. तेल्हाऱ्याच्या किसनरावांच्या घरी लग्न होतं.

"एवढी खेप जाऊ द्या, साहेब. नाही तं किसनराव पुना दारात उभं नाही करनार."

"नमुना नागपूरला जाईल. तिथून उत्तर येईपर्यंत गाडी अडवायचा हुकूम मला नाही," म्हणून वामनरावांनी टोपी घातली आणि ते गेले.

जानरावनं बैल आणले. सुभद्रा गाडीत चढली, तणसातून बाटली काढली आणि अंगठ्यानं गोटी दाबली. फस्सकन लेमन मातीत.

"येडी झाली का? काहून सांडून राहिली?"

"लग्नात लेकरंच पयले पेतात. साधा सोडा भरा. लिंबं तिथं पिळतीन."

"अन् किसनराव बोलले तं?"

"माह्यं नाव सांगा. म्हना, बायकोनं पातेलं जास्तच घासलं."

जानराव पुटपुटत राहिला. पण त्यानं बैल पुन्हा खुंट्याला बांधले आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूनं बाटल्या उघडायला घेतल्या.

पातेल्याला कल्हई झाली. काही दिवसांनी ते पुन्हा काळपट पडलं, तेव्हा शेजारची गोदाबाई हसली, "कावं सुभद्रे, चिंच महाग झाली का?"

"हो ना," म्हणत सुभद्रानं ते नुसतं विसळलं आणि पालथं घातलं.