ओव्हनच्या पोटातली फॉइल

मेकॅनिकनं बेल वाजवली तेव्हा धाकटी चपलाही न काढता सोफ्यावर बसली होती. रक्त तपासायच्या लॅबमधून तिनं अर्धी रजा घेतली होती. अर्धी रजा म्हणजे दिवसभराचं काम अर्ध्या दिवसात उरकायचं आणि वर साहेबांचं वाकडं तोंड बघून बाहेर पडायचं. घरात तिला अजून धाकटी म्हणत असले तरी ती बेचाळीस वर्षांची होती. या घरात आई आणि ती, दोघीच. मोठा भाऊ गाडीनं दोन तासांवर राहायचा. यायला त्याला वेळ नसे, पण फोनवरून सल्ला द्यायला तो एका पायावर तयार असे.

"काय होतंय ओव्हनला?" मेकॅनिकनं विचारलं. पन्नाशीचा, बारीक, गुडघ्यावर हात टेकून उठणारा माणूस.

"काही नाही होत. देऊन टाकायचाय. खालच्या मजल्यावरच्या बाई घेणार आहेत, त्या म्हणाल्या आधी तपासून घ्या. मध्ये एकदा गॅस सुटला होता. पण तो ओव्हनचा दोष नव्हता."

मेकॅनिकनं ओव्हनकडे पाहिलं. "याचं बटण कुठाय?"

धाकटीनं पर्स उघडली. किल्ल्या, रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या असं सगळं उपसून तळातून ओव्हनचं काळं गोल बटण काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. तीन आठवडे ते बटण रोज तिच्याबरोबर लॅबला जात होतं. मेकॅनिकनं एकदा बटणाकडे आणि एकदा पर्सकडे बघितलं. लोकांच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेला माणूस होता, उगाच चौकशा करत नसे.

"घरात लहान मूल आहे?"

"आई आहे," धाकटी म्हणाली.

आई आतल्या खोलीत होती. तिची बॅग भरून झाली होती. रविवारी दादा गाडी घेऊन येणार होता आणि तिला वृद्धाश्रमात सोडणार होता. जागा चांगली होती, नर्स होती, बाग होती. सगळं ठरलं होतं, आणि आईनंही होकाराची मान डोलावली होती.

एवढं कशावरून ठरलं, तर या ओव्हनवरून. आईचा हात ओव्हनला लागला म्हणजे काय होतं, ते अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की केक आईकडून. घरी विकतचा पाव कधी आलाच नव्हता. आणि गेल्या चार महिन्यांत त्याच आईचा पाव खालून कोळसा आणि वरून कच्चा निघायला लागला. एकदा झालं, दोनदा झालं. आई म्हणायची, "अगं, याच्या पोटात काहीतरी बिघडलंय. आच वर चढतच नाही." दादा फोनवर हसून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." धाकटीही हसली होती. पुढे पुढे आई ओव्हनसमोर स्टूल टाकून बसायला लागली. किती वाजता घातला, किती वाजता काढला, हे कागदावर लिहायला लागली. तरी पाव जळायचाच. मग हसू संपलं आणि दादा 'वय' हा शब्द वापरायला लागला.

तीन आठवड्यांपूर्वी धाकटी कामावरून आली तर दारातच गॅसचा वास. ओव्हनचं बटण सुरू, आत ज्योत नाही, आणि आई आतल्या खोलीत गाढ झोपलेली. धाकटीनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि आईला गदागदा हलवून उठवलं. त्या दिवशी ती आईला जे बोलली ते शत्रूलाही कुणी बोलू नये. आई एकच म्हणत राहिली, "मी पेटवला होता. ज्योत बघितली होती मी." दुसऱ्या दिवशी सकाळी आई आपणहून म्हणाली, "नसेल पेटवला कदाचित. मला वाटलं असेल." आई कधी हार मानणारी बाई नव्हती. तिनंच असं म्हटल्यावर विषय संपला.

तेव्हापासून बटण पर्समध्ये आणि आई स्वयंपाकघराबाहेर.

मेकॅनिकनं बटण बसवलं, ओव्हनचं दार उघडलं आणि आत डोकं घातलं. बराच वेळ त्याची पाठच दिसत होती. मग त्यानं खालचा कप्पा ओढून काढला, फरशीवर आडवा झाला आणि हातात छोटा आरसा धरून ओव्हन पेटवला.

"ताई, जरा बसा. दहा-पंधरा मिनिटं लागतील."

"पेटला ना? मग झालं."

"पेटतो सगळ्यांचाच. पेटलेला राहतो का ते बघायचं."

धाकटी ओट्याला टेकून उभी राहिली. तिचे पाय दुखत होते. रविवारनंतर काय काय करायचं याची यादी तिनं मनात केव्हाच केली होती आणि त्या यादीत एकच गोष्ट होती, ती म्हणजे झोपणं. याची तिला लाज वाटायची आणि लाज वाटूनही यादी बदलायची नाही.

बारा मिनिटं झाली असतील. मेकॅनिक म्हणाला, "या, वाका जरा. आरशात बघा."

ती वाकली. आरशात निळी ज्योत पिवळी पडत चालली होती. लांब, लुळी झाली, दोनदा लवलवली आणि विझली. मागे नुसता बारीक सूं असा आवाज राहिला आणि तिच्या ओळखीचा तो वास आला. मेकॅनिकनं बटण बंद केलं आणि उठून खिडकी सताड उघडली.

"आपोआप विझला?" धाकटीनं विचारलं.

"मग काय. हे बघा." त्यानं ओव्हनच्या तळाकडे बोट दाखवलं. तळाला या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वयंपाकाची चंदेरी फॉइल अंथरलेली होती. कोपरे दाबून बसवलेले, एक सुरकुती नाही. "या पत्र्याला कडेनं भोकं असतात. खालची आच तिथून वर येते, हवा खेळते. ती सगळी बुजवलीत. आच खालीच कोंडली, म्हणून पदार्थ खालून जळणार आणि वरून कच्चा राहणार. आणि काजळी साचत जाऊन हवा अजून कमी झाली की ज्योतीचाही जीव जाणार. आता ज्योत गेली तर गॅस आपोआप तुटायला हवा, त्याला व्हॉल्व्ह असतो. पण तो काजळीनं चिकटून बसलाय. दोन्ही एकत्र आलं. नशीब समजा."

मग त्यानं सहज विचारलं, "फॉइल कुणी लावली?"

आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "आईनं लावली असेल."

विचार करून बोललेलं खोटं नव्हतं ते. चार महिने घरात जे काही सांडलं, मोडलं, हरवलं, त्याचं उत्तर तयारच असायचं. तेच आलं. मेकॅनिकनं मान डोलावली आणि तो फॉइल सोलायला लागला.

धाकटी मात्र जिथे होती तिथेच थिजली. कारण फॉइल तिनंच लावली होती. चार महिन्यांपूर्वी केकचं मिश्रण उतू जाऊन तळाला साखर जळली होती. सुट्टीचा अख्खा दिवस तिनं ते खरवडण्यात घालवला होता. पुन्हा हा वैताग नको म्हणून तिनं ही युक्ती काढली, लॅबमधल्या मैत्रिणींना कौतुकानं सांगितली आणि दर महिन्याला नवी फॉइल लावत राहिली. आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अगं, ती भोकं उगाच नसतील ठेवली." त्यावर ही म्हणाली होती, "ओव्हनला काय दमा आहे?" त्या विनोदावर आईही हसली होती.

लॅबमध्ये ती नमुना तपासल्याशिवाय कागदावर एक अक्षर लिहीत नसे. साखर वाढलेली दिसली तर दुसऱ्यांदा तपासायची. इथे आईचा रिपोर्ट मात्र तिनं न तपासताच लिहून टाकला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरच न्यायाधीश.

"मी लावली," ती म्हणाली.

मेकॅनिकनं वर पाहिलं.

"फॉइल. आईनं नाही. मी लावली."

"बऱ्याच घरांत लावतात," तो म्हणाला. त्याला तेवढंच सुचलं असावं. त्यानं व्हॉल्व्ह बदलला, बर्नर ब्रशनं घासला, भोकं मोकळी केली. मग तीन आठवड्यांपासून घरात येत असलेल्या विकतच्या पावाचे सहा काप जाळीवर मांडून ओव्हन पेटवला. थोड्या वेळानं काप काढून तिला दाखवले. सहाही एकसारखे बदामी झाले होते. "आच सगळीकडे सारखी आहे. खालच्या बाईंना सांगा, बिनधास्त न्या." हत्यारं आवरून, पैसे घेऊन तो गेला.

धाकटी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. आता खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं ते असं, की हे कुणालाच कळायचं कारण नाही. मेकॅनिक परत येणार नाही. ओव्हन खाली जाईल, आई रविवारी जाईल, बागेत बसेल, नर्स औषधं देईल. आणि आपण झोपू. आई कायमची राहिली तर पुढची दहा-पंधरा वर्षं कामावरून आलं की पुन्हा कामच. तिनं स्वतःला हे सगळं विचार करू दिलं. इतकी दमली होती, की स्वतःचा राग येण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

दारात पावलं वाजली. आई उंबऱ्याबाहेरच थांबली होती. एक हात चौकटीवर, पाय मात्र आत नाही.

"पाणी हवं होतं," आई म्हणाली. "येऊ का आत?"

हे स्वयंपाकघर आईचं होतं. ओटा तिच्या उंचीला बांधलेला होता, म्हणून धाकटी आजवर त्यावर वाकून काम करत आली. आणि ही बाई परवानगी मागत होती, तेही अगदी साध्या आवाजात, जणू असं विचारायची रीतच आहे. धाकटीला रडू फुटलं.

"आई, तू पेटवला होतास."

"काय?"

"ओव्हन. त्या दिवशी. तू पेटवला होतास, तो आपोआप विझला. माझ्या फॉइलमुळे. पाव पण त्याच्यामुळेच जळत होते. आत्ता मी डोळ्यांनी बघितलं."

आई आत आली. स्टूल ओढून बसली. "म्हणजे मी पेटवला होता?"

"हो."

"आणि ज्योत बघितली होती मी. ती खरीच होती?"

"खरी होती."

"मला भास नव्हता झाला?"

"नाही गं आई. माझं चुकलं."

धाकटीला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडावं असंही वाटलं. पण आई म्हणाली, "दादाला फोन लाव. माझ्यासमोर सांग."

धाकटीनं फोन स्पीकरवर टाकला. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते ठीक आहे, पण मी तिकडे शब्द देऊन बसलोय. आणि 'मला झेपत नाही' म्हणून तूच रडत होतीस ना?"

"रडत होते. अजूनही झेपत नाही," धाकटी म्हणाली. "पण आई डोक्यानं ठणठणीत आहे. ती कुठेही जाणार नाही. तू महिन्यातून दोनदा दोन-दोन दिवस इथे येऊन राहायचं, म्हणजे मला झेपेल. ओव्हन द्यायचा नाहीये, हे खालच्या बाईंना मी सांगते. तिकडे जे सांगायचं ते तू सांग."

"बघतो," दादा म्हणाला.

"बघू नकोस. ये," आई मध्येच म्हणाली आणि तिनं हात लांब करून फोन बंद केला.

मग ती स्टुलावरून उतरून हळूहळू धाकटीच्या शेजारी फरशीवर बसली. गुडघे दुखत असतानाही बसली. "तीन आठवडे मी दुपारची झोपले नाही," ती म्हणाली. "रात्रीही धड नाही. डोळा लागला आणि हातून आणखी काही झालं तर? तू कामावर गेलीस की खुर्चीत बसून राहायचे. नळ बंद आहे ना, दार लावलंय ना, सारखी उठून बघायचे. आपणच आपल्यावर पहारा द्यायचा. फार दमले गं मी."

धाकटीच्या मनात इतके दिवस या घरात दमलेलं माणूस एकच होतं. तिनं आईचा हात हातात घेतला. आईनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बोलता बोलता, अर्ध्या वाक्यावरच, तिला झोप लागली. धाकटीच्या पायाला मुंग्या आल्या, खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर गेलं, पण ती उठली नाही.