माझं तिसरं बटण

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारं प्रत्येक मूल विचारतं, "हा बिघडलेला रेडिओ आहे का?" नाही रे बाबांनो! मी एक म्हातारा इक्वलायझर आहे. माइकमधून आलेला आवाज नीटनेटका करून स्पीकरकडे पाठवायचा, हे माझं काम. बढाई मारत नाही, पण ऐन उमेदीत मी हत्तीची शिंक कापून त्याच्या पाठीवरच्या मुंगीचा खोकला शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला होता. खोटं वाटतं? मुंगीला विचारा.

एका छोट्या कारखान्यात, जाड चष्म्याच्या बाईंनी माझ्या पोटातल्या तारा डाग देऊन जोडल्या आणि पुढे तीन बटणं बसवली. पहिलं बटण त्रास देणारा सूर शोधतं. दुसरं तो किती कमी करायचा ते ठरवतं. तिसरं मात्र भारी चौकस! ते विचारतं, "त्या सुराबरोबर आजूबाजूचे किती सूर कापू?" बोटात काटा रुतला तर चिमट्याने काटा उपटायचा की अख्खं बोट कापायचं, हे त्याच्या हाती.

पुष्कळ सभागृहं पाहिली मी. प्रत्येकाचा एक लाडका सूर असतो, हे मला तिथे कळलं. तो स्पीकरमधून निघतो, माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा बाहेर येतो, पुन्हा शिरतो, आणि कूंऽऽऽ! सगळे कानांवर हात ठेवतात. मी तो सूर तेवढा अलगद उचलायचो. तेव्हा माझी वाहवा व्हायची. शेवटी एका वाचनालयात आलो. मग त्यांनी नवं यंत्र घेतलं आणि मी कपाटात गेलो. अकरा वर्षं! माझ्या पोटात एका झुरळाने सात पोरींची लग्नं लावली, वरात माझ्या तारांवरून गेली, पण मला कुणी हाक मारली नाही.

एका दुपारी नवं यंत्र अचानक बंद पडलं आणि मला घाईघाईने बाहेर काढलं. त्या दिवशी आत्या गोष्ट वाचणार होत्या. याच वाचनालयात त्यांनी चाळीस वर्षं पुस्तकं सांभाळली, दर शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवली. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज धाग्याएवढा उरला. आज त्या पहिल्यांदाच पुन्हा वाचणार होत्या. ध्वनियंत्रणा त्यांची भाची सांभाळायची.

आत्यांनी तोंड उघडलं आणि माइक किंचाळला. भाचीने तो सूर शोधला, खाली ओढला आणि माझं तिसरं बटण झटकन दोनावर नेलं. किंचाळी थांबली. पण आत्यांचे च, स, ट सगळे गडप! गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

ग्रंथपाल घड्याळ बघत म्हणाले, "चारला मुलं येतील. आमच्याकडे दुसऱ्या बाईंच्या आवाजात रेकॉर्डिंग तयार आहे. आत्यांनी नुसतं खुर्चीवर बसावं."

"म्हणजे मी शोभेची कुंडी!" आत्या म्हणाल्या.

"आत्या, हा डबाच खराब आहे गं," भाची वैतागली. "अगदी अरुंद कापलंय मी. भंगारात जायच्या लायकीचा आहे मेला!"

मित्रांनो, मला तोंड असतं तर! पण आत्यांना एक सवय होती. समोर अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि माझ्यावर वाकल्या.

"इथे बारीक अक्षरात 'सप्तकं' लिहिलंय. तू दोन सप्तकं कापलीस?"

"छे! आकडा मोठा म्हणजे काप अरुंद."

"तुझ्या नव्या यंत्रात असेल. इथे तर रुंदीच लिहिलीय. आकडा मोठा, तर भगदाड मोठं. मग माझा आवाज त्यात पडेल नाही तर काय!"

भाचीने कपाळावर हात मारला. "वर्षानुवर्षं उलटं फिरवायची सवय... आत्या, माझं चुकलं." तिने बटण हळूहळू उतरवलं. एक. अर्धं. शेवटी एक दशांश. फक्त ती किंचाळी चिमटीत आली, बाकीचं सगळं जागेवर राहिलं.

"बोल आता," भाची म्हणाली.

"चिमणीच्या चोचीत चटईची चिंधी," आत्या म्हणाल्या. आवाज धाग्याएवढाच होता, पण एकही च सुटला नाही. ग्रंथपालांनी तयार ठेवलेलं रेकॉर्डिंग खणात ठेवून दिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जुन्या रीती असतात. त्यांना भंगारात काढण्याआधी त्यांच्या अंगावर काय लिहिलंय ते एकदा वाचा. आणि कुणाच्या आवाजात काही खटकलं, तर तेवढंच काढा, माणसाचा आवाज त्याच्यापाशी राहू द्या.

चारला मुलं आली. आत्यांनी पहिलं पान वाचलं आणि मुद्दाम थांबल्या. शेवटच्या रांगेतून एक मुलगी ओरडली, "पुढे काय झालं?"

आत्यांनी पान उलटलं.