मामाने लावून दिलेला फोकस

ताईने नवा डीएसएलआर कॅमेरा घेतला, तेव्हा तो सुरू करून द्यायला मामाच आला. त्याचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. त्याने बॅटरी चार्ज केली, कार्ड घातलं, लेन्स बसवली आणि बजावलं, "फोकस मी कायमचा लावून दिलाय. लेन्सवरच्या या बटणाला हात लावू नकोस, बिघडेल."

मैत्रिणीचं लग्न हे ताईचं पहिलं काम. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर फोटो छान दिसले. घरी संगणकावर उघडले, तर एकही चेहरा स्पष्ट नव्हता. मैत्रीण फोनवर रडली.

मग ताईने माहितीपुस्तिका उघडली. त्या बटणाने आपोआप होणारा फोकस बंद होतो, आणि मामाने तो बंदच करून ठेवला होता. ती तडक स्टुडिओत गेली.

"मामा, तुला हे ठाऊक नव्हतं?"

मामाने मान वर केली नाही. "उद्या माझी गिऱ्हाईकं तुझ्याकडे गेली असती. एकदा फजिती झाली की नाद सोडशील, वाटलं."

"अरे, मी तुझ्याच हाताखाली काम करणार होते!" ताई तशीच बाहेर पडली.

आईला तिने यातलं काही सांगितलेलं नाही. मामा जेवायला येणार असला की ताईला नेमकं बाहेर काम निघतं.