चौथा खिळा आणि मी

मी एक जुनी कानस आहे. हात लावलात तरी चालेल मित्रांनो, आता मी कुणाला ओरखडत नाही. दात गेले.

माझा जन्म कारखान्यात झाला. हातभर पोलादी पट्टीवर एका यंत्राने दातच दात उठवले, पोटावर जाड आणि पाठीवर बारीक. एवढे दात दिलेत म्हणजे खायलाही काहीतरी बरं मिळेल, असं मला वाटलं. मिळाली नखं. घोड्याचा खूर म्हणजे शेवटी एक मोठं नखच. ते वाढतं, पसरतं, वेडंवाकडं होतं. मग नालबंद जुनी नाल उपटतो, खूर कोरतो, मी तो घासून सपाट करते आणि नवी नाल बसते. दर दीड महिन्याने हेच. घोडा कुठलाही असो, पाय चारच निघायचे. एकदाही कमी निघाले नाहीत.

माझा नालबंद कामात चोख होता. नाल पायासारखी वाकवायची, पाय नालेसारखा घासायचा नाही, हा त्याचा नियम. पाय मांडीवर घेऊन तो वाकला की घोडा हळूच त्याच्या पाठीवर रेलायचा. ज्याचा विश्वास बसतो तोच भार टाकतो, असं तो कण्हत सांगायचा. या विश्वासापायी त्याची कंबर कायमची गेली.

दाराशी स्टुलावर त्याच्या सासूबाई बसत. त्यांनी बोलायचं आणि त्याने ऐकायचं नाही, ही घडी बावीस वर्षं नीट बसली होती. त्या त्याच्याच घरात राहत, पण जावयाचे उपकार नकोत म्हणून पाण्याचा पेलाही स्वतः उठून घेत.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. खिळा ठोकायला हातापेक्षा कान जास्त लागतो. खुराच्या टणक भागातून जाणारा खिळा टणटण वाजतो. आत जिवंत मांसाकडे वळला की बद्द वाजतो. तो तिथल्या तिथे उपटायचा असतो.

एका सोमवारी दूधवाला आपली घोडी घेऊन आला. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. दुधाची गाडी मावशी ओढायची आणि दूधवाल्याचं घर ती गाडी ओढायची. पुढच्या उजव्या पायाचा चौथा खिळा बद्द वाजला. मी ऐकला, मावशीने कान मागे टाकले. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, चौथा बद्द वाजला.” नालबंदाने नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि पाचवा ठोकला. मला तोंड असतं तर मीही ओरडले असते. मला नुसते दात होते.

गुरुवारी मावशी तीन पायांवर आली. दूधवाल्याचा चेहरा उतरला होता. शनिवारी जनावरांचा व्यापारी येणार होता, आणि लंगडी घोडी तो कशासाठी नेतो हे कुणी विचारत नाही. नालबंद म्हणाला, खांद्याचं दुखणं आहे. हे नालबंदांचं फार जुनं औषध. पायाचं काहीही बिघडलं की ते खांद्यावर ढकलतात.

सासूबाई स्टुलावरून उठल्या. बावीस वर्षांत काम चालू असताना त्या पहिल्यांदाच उठल्या. त्यांनी काठीचं टोक बरोबर त्या खिळ्यावर टेकवलं. मावशीने पाय झटकला.

नालबंदाने खिळा उपटला. मागोमाग काळा पू आला. नालबंद ऐरणीवर बसला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, “मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.”

दूधवाला त्याच्या कानाशी वाकला. मग त्याने मोठ्याने विचारलं, “म्हणजे दोन वर्षं मी माझी सगळी गाऱ्हाणी सांगत होतो, ती?”

“मान डोलावत होतो.”

“तरी बरं वाटायचं हो,” दूधवाला म्हणाला.

मग गरम मिठाचं पाणी, पट्टी, पुन्हा गरम पाणी. शनिवारी व्यापारी आला तेव्हा मावशी चारही पाय टेकून उभी होती. त्यातला एक पाय व्यापाऱ्याच्या पायावर होता. तो लंगडत परत गेला.

त्या दिवसापासून सासूबाईंचं स्टूल ऐरणीजवळ आलं. खिळा टणटण वाजला तर गप्प, बद्द वाजला तर पाठीत काठी. नालबंद म्हणायचा, कंबर गेलीच होती, आता पाठही गेली. पण पुन्हा एकही घोडा लंगडला नाही.

मी मात्र झिजत गेले. खूर मला हसू लागले. नवी कानस आली आणि मी पेटीच्या तळाशी गंजत पडले. मग गेल्या महिन्यात सासूबाईंच्या टाचा फुटल्या. स्टुलापर्यंत येणं होईना. त्या येणार नाहीत तर खिळे कोण ऐकणार? नालबंदाने मला शोधून काढलं, घासून धुतलं आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. सुरुवातीला त्या अवघडून ताठ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, नाल ठोकू नका म्हणजे झालं. त्याला ऐकू गेलं नाही. त्याने मान डोलावली.

मी चालू लागले. थोड्या वेळाने त्यांनी त्याच्या पाठीवर हात टेकला, आणि मग हळूच सगळा भार टाकला. नालबंद कण्हला. हलला नाही.

तर मित्रांनो, घोडा असेल तर दीड महिन्याने त्याचे खूर दाखवत जा. कानस असेल तर ओली ठेवू नका. आणि स्टुलावरून कुणी बद्द म्हणालं, तर पाचवा ठोकण्याआधी थांबा.

बरं, जाते. दुसरी टाच अजून बाकी आहे.